खोळ शेवटी शिवायची

भोर, १२ नोव्हेंबर २००६

इरशाद,

सलाम. खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर आलंच पाहिजे असं नाही. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील अशी मला निम्मी खात्री होती, म्हणून वरचा पत्ता, मी पत्रिका टाइप करते त्या दुकानाच्या मालकांकडून, मानसिंगदादांकडून लिहून घेतला. ई-मेल पाठवला असता, पण तो तू एका बोटानं उडवला असतास. कागद फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

बंगळूरचा पत्ता अम्रीनकडून मिळाला. तिच्यावर चिडू नकोस. तू तिचा सख्खा भाऊ असलास तरी मीही तिची आतेबहीण आहे, आणि किकवीला जाऊन पत्ता हातात पडेपर्यंत तिच्या दारातून हलले नाही. "आता काय काढलंस गं?" म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, जुनं काही नाही, कामाचं आहे.

तर कामाचंच लिहिते. आपली मंगनी मोडली, त्याबद्दल ह्या पत्रात एक ओळसुद्धा नाही, ही सोडून. तुझं तिकडं ऑफिसात जमलं, तू लग्न केलंस, विषय संपला. अम्मी अजून तुझ्या अब्बांशी, म्हणजे स्वतःच्या पाठच्या भावाशी बोलत नाही. ते तिचं ती बघेल.

आमची धाकटी गुलफशा यंदा दहावीला आहे. तू यायचास तेव्हा ती पुण्याच्या अंधशाळेत होती, सुट्टीला घरी आली की तुझा हात धरून अख्ख्या गल्लीत हिंडायची. आता इथंच हायस्कूलमध्ये डोळस मुलांबरोबर बसते. वर्गात ऐकते आणि घरी मी वाचून दाखवते. जेवायच्या आधी इतिहास, जेवल्यावर विज्ञान. माझा घसा बसला की ती चिडते, ती चिडली की मी चिडते, आणि अब्बा म्हणतात, "दोघी गप बसा गं, मला उद्या पालीला गाद्या पोचवायच्यात." राजगडाला येणाऱ्या पोरांसाठी ठकुबाईनं तिथं राहायची सोय काढलीय, तिला गाद्या पाहिजेत.

यंदा पुस्तकं बदलली. नवी पुस्तकं ब्रेलमध्ये अजून आलेली नाहीत, कधी येतील ते कुणाला सांगता येत नाही, आणि परीक्षा मार्चमध्ये आहे. ऐकून पाठ होतं रे, ती हुशार आहे. पण ती म्हणते, "आपा, तू एकदा पुढं गेलीस की गेलीस. मला मागं जाऊन बघता येत नाही." तिला स्वतःच्या बोटांनी वाचायचंय. परीक्षेच्या आधी तिची पुस्तकं तिच्या हातात पडावीत, एवढंच मला पाहिजे. त्यासाठी मी कुणाच्याही दारात जाईन, तुझ्यासुद्धा.

शाळा सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका झाल्या की दुकानातच बसून मी एकेक पुस्तक टाइप केलं. मानसिंगदादा एवढंच म्हणाले, "कर बाई, पण माझ्या पत्रिका आधी." पुण्यात ब्रेलचा एक छापखाना आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, फाईल आणून द्या, मशीन ठिपके उठवून देईल. मी हरखून पहिला धडा घेऊन गेले. छापलेला कागद घरी आणला. गुलफशानं त्यावरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागली. "आपा, ह्यात कंस आहेत, टक्के आहेत, इंग्रजी अक्षरं आहेत. कुणीतरी इंग्रजीतून शिव्या दिल्यात."

काय झालं ते तू ओळखलं असशीलच. आमच्या दुकानातला फॉन्ट जुना आहे. पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो 'क' नसतोच, कसलीतरी इंग्रजी खूण असते. लग्नपत्रिकेला चालतं, कारण पत्रिका माणूस वाचतो. ब्रेलच्या मशीनला डोळे कुठले, त्यानं पोटातलं जे होतं ते छापलं. अर्धं वर्ष मी शिव्या टाइप करत बसले होते.

पुन्हा सगळं टाइप करायला वेळ नाही. मग प्रोग्राम लिहायची भाषा, पायथॉन, आठवली. लोक होणाऱ्या बायकोला बांगड्या आणतात, तू पायथॉनची सीडी आणली होतीस आणि वर ही एवढी झेरॉक्स. (ही ओळ मंगनीबद्दल नाही, सीडीबद्दल आहे.) ती झेरॉक्स काढली आणि प्रोग्राम लिहिला. जुन्या फाईलमधली एक खूण उचलायची, ती कुठलं मराठी अक्षर आहे ते शोधायचं आणि ते अक्षर नव्या मजकुराच्या शेवटी चिकटवायचं. मग पुढची खूण. एका धड्यावर चालवून पाहिला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत झाला. मी स्वतःवरच खूश.

मग छापखान्याच्या बाई म्हणाल्या, सगळी पुस्तकं एकाच फाईलमध्ये आणा. मी सगळी एकापुढं एक जोडली आणि प्रोग्राम सुरू केला. सुरुवातीला पळतो. दुपारपर्यंत चालायला लागतो. नंतर नुसता रांगतो. आणि मग लाईट जाते. सकाळी जाते, संध्याकाळी जाते, मधेच आठवण झाली तरी जाते. यूपीएस थोडा वेळ कोकलतो आणि बंद पडतो. झालेलं सगळं मेमरीत असतं, ते जातं. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडून दिलंय.

छापखान्यात आमचा नंबर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागलाय. तो चुकला तर मशीन दुसऱ्या कामाला लागणार, परीक्षेपर्यंत मोकळं होणार नाही. माझं कुठं चुकतंय तेवढं सांग. प्रोग्रामचा कागद सोबत घातलाय. बाकी काही नको.

सकिना

ता. क. काल एका टेम्पोवाल्यानं आपल्या गाडीची बॅटरी काढून दुकानाच्या इन्व्हर्टरला लावून दिली. दुपार त्यावर निघाली, संध्याकाळ नाही निघाली. आज सकाळी त्याचा टेम्पो सुरू होईना, तो ढकलायला मी गेले होते.


भोर, २७ नोव्हेंबर २००६

इरशाद,

तुझं पत्र आलं. पहिल्या पानावर माफी मागितलीयस, ते पान मी वाचलं नाही असं समज. दुसऱ्या पानापासून वाचलं. तीनदा वाचलं. मानसिंगदादांना वाटलं, कुठल्यातरी ऑफिसातून नोटीस आलीय.

तू लिहिलंयस ते मी अब्बांना, तुझ्या फुफाजींना, जसंच्या तसं वाचून दाखवलं:

"फुफाजी गादी कशी भरतात ते आठव. आधी सगळा कापूस पिंजून ढीग करतात. ढीग पुरा झाला की खोळीत भरतात आणि खोळीचं तोंड एकदाच, शेवटी शिवतात. तू काय करतेयस? एक मूठ भरली की तोंड शिवून टाकतेस. दुसरी मूठ घालायची वेळ आली की जरा मोठी नवी खोळ आणतेस, जुनी उसवतेस, आतला सगळा कापूस नव्या खोळीत भरतेस, वर ती एक मूठ घालतेस आणि पुन्हा शिवतेस. पायथॉनमध्ये मजकूर एकदा शिवला की त्यात भर घालता येत नाही, दर वेळी नवा शिवावा लागतो. पहिल्या दहा मुठींना ते जाणवत नाही. लाखाव्या मुठीला अख्खी गादी उपसावी लागते, एका मुठीपायी."

अब्बांनी सुई थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. "असं कोण भरतं गं?"

म्हटलं, मी भरते.

"मंग लाईट जाईल न्हाईतर काय हुईल," म्हणाले आणि असे हसले, की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगं अंगणात बसून भजी खात होतं, मला वाटायचं ध्यान सगळं भज्यात हाय. बघत होतं की." अम्मी आत होती. तिला ऐकू गेलं असेल. आत भांडं जरा जोरात वाजलं.

दुसरी गोष्ट वेलांटीची. तुला वाटेल, ही बाई सारखी उसवायला का जाते. अरे, जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, नव्यात ती अक्षरानंतर लागते. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून मी दर वेळी शिवलेल्या मजकुराचं शेवटचं टोक उसवून आत हात घालत होते. तू लिहिलंयस, "हातातली मूठ हातातच ठेव. तिची वेलांटी, रफार, काय असेल ते हातातच नीट कर आणि मग ढिगावर टाक. एकदा टाकली की ढिगात परत हात घालायचा नाही." किती साधं आहे. मी डोकं आपटून घेतलं, नुसतं म्हणायला नाही, खरंच टेबलावर टेकवून बसले होते.

आणि वर तू लिहिलंयस, पुस्तकं वेगवेगळी चालवली असतीस तरी कसंबसं निभलं असतं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. हे वाचून मात्र राग आला. इतके दिवस हे मला का सुचलं नाही म्हणून माझाच राग आला, तुझा नाही. जरा तुझाही.

इरशाद, तुझे लई उपकार झाले. हे वाक्य लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहिलं. तू उत्तर दिलं नसतंस तरी मी तुला बोल लावू शकले नसते, आणि तू तर तीन पानं लिहिलीस.

अजून चालवून बघितलेलं नाही. लग्नसराई सुरू झालीय, उत्रोलीच्या एकाच घरातल्या दोन पत्रिका आल्यात आणि दोन्हीत नातेवाईकांची नावं एवढी, की नवरानवरी कोपऱ्यात गेलेत. दुकानातला कॉम्प्युटर रविवारी मोकळा होईल.

सकिना


भोर, ४ डिसेंबर २००६

इरशाद,

झालं.

थांब, सुरुवातीपासून सांगते. तू सांगितलंस तसं केलं. मजकुराला चिकटवायचं बंद केलं, एक रिकामी यादी घेतली, हातातली मूठ साफ करून यादीत टाकत गेले आणि शेवटी एकदाच शिवली. पण शिवताना दोन मुठींच्या मध्ये काय घालायचं ते तू लिहिलंच नव्हतंस. मी शहाणपणानं मध्ये मोकळी जागा घातली. पडद्यावर मजकूर आला तो असा: भा र ता च्या उ त्त रे ला. अख्खं पुस्तक तसं. मानसिंगदादा मागून डोकावले. "सकिना, पुस्तकाला उचकी लागलीय का गं?"

तुला विचारायचं तर पत्र जाऊन यायला आठवडा. खुर्चीवर बसून विचार केला. अब्बा दोन मुठींच्या मध्ये काय घालतात? काहीच घालत नाहीत. मग जिथं मोकळी जागा लिहिली होती तिथं दोन अवतरणचिन्हं ठेवली आणि त्यांच्यामध्ये काहीच ठेवलं नाही. हे माझं मला सुचलं, तुझ्या पत्रातून नाही, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते.

प्रोग्राम चालू केला आणि समोर चहा सांगितला. चहा येईपर्यंत झाला. मला वाटलं बंद पडला. यूपीएसकडं बघितलं, तो गप. लाईट आहे. फाईल उघडली. पहिलं पान बरोबर. मग एकदम शेवटी गेले, भूगोलाच्या शेवटच्या धड्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत, तीही होती. जे काम लाईट पुरं होऊ देत नव्हती ते चहा निवायच्या आत झालं. हसावं का रडावं ते कळेना. चहा घेऊन सरफराज आला होता, त्याला म्हटलं, तुमची बॅटरी आता घेऊन जा. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. लागंल परत."

सरफराज म्हणजे तो टेम्पोवाला. पहिल्या पत्रात नाव लिहायचं राहिलं.

आता चुका निस्तरतेय. 'श्र' कुठंकुठं फुटलाय, 'द्य'ची जागा चुकलीय, एक खूण मी कुठल्याच अक्षराला लावली नव्हती. पण एक चूक दुरुस्त करायची, प्रोग्राम चालवायचा, बघायचं, पुन्हा दुसरी. आधी एका चुकीपायी अख्खा दिवस जायचा, म्हणून चुका बघायलाच मी घाबरत होते. आता शोधून शोधून काढते. तू मला नुसतं काम करून दिलं असतंस तर हे मिळालं नसतं, म्हणून ह्याबद्दल वेगळे आभार.

अम्मीनं तुझं पाकीट बघितलं. उलटसुलट करून पाठवणाऱ्याचं नाव बघितलं आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवलं. चुलीत घातलं नाही.

गुलफशाला अजून सांगितलेलं नाही. मागच्या वेळी हरखून गेले होते आणि शिव्या घेऊन आले. ह्या वेळी ती स्वतः बोट लावेल तेव्हाच काय ते कळेल.

सकिना


भोर, २९ डिसेंबर २००६

इरशाद,

काल पुण्याला जाऊन आलो. ब्रेलची पुस्तकं किती जाड होतात ते मला ठाऊक होतं, म्हणून एसटी नको म्हटलं. सरफराजचा टेम्पो नेला. अब्बांना पालीचं काम होतं, म्हणून सोबत अम्मी आली. कुठं चाललोय ते तिला माहीत होतं. तिथवर कुणामुळं पोचलो तेही माहीत होतं. तरी आली.

छापखान्यात मशीन म्हणजे काय आवाज, पत्र्यावर हातोडे पडावेत तसा. गुलफशा मात्र दारातच थांबून ऐकत राहिली, चेहरा असा की कव्वाली चाललीय. बाईंनी पहिलं पान मशीनमधून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

इरशाद, त्या वेळी माझं काय झालं ते मी तुला सांगणार नाही. अम्मीनं माझा दंड धरला होता, एवढं सांगते. गुलफशाचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं. ती हसली नाही. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या. मला राहवेना. म्हटलं, "काय गं, बरोबर आहे का?"

"थांब ना आपा," ती म्हणाली. "वाचतेय."

बाई हसल्या. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. सरफराज बाहेर गाडीला टेकून उभा होता, तो आत येऊन विचारायला लागला, काही चुकलं का. मी मान हलवली, तर त्याला वाटलं चुकलं. तो बाईंना म्हणतो, "परत येऊ आमी, लागंल तेवढ्या वेळा आणतो गाडी." मग त्याला समजावून सांगावं लागलं की बरोबर आलंय.

छपाई संपल्यावर गठ्ठे बांधले तर टेम्पोचा मागचा हौदा भरला. एक इतिहास म्हणजेच केवढा ढीग. गुलफशा पुढं बसायला तयार होईना. अब्बांची एक गादी मागं टाकलेली होती, तिच्यावर पुस्तकांना टेकून बसली आणि मांडीवर एक खंड उघडला. कात्रजपासून वारं लागत होतं, पानं फडफडत होती, तिनं एका हातानं पान दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं वाचत राहिली. किकवीला अम्रीननं चहाला थांबवलं, तर ही खाली उतरेना. अम्रीननं चहा तिला वरच नेऊन दिला आणि तिथंच उभ्या उभ्या डोळे पुसले. तुझ्या बहिणीला रडायला काही निमित्त लागत नाही, पण ह्या वेळी होतं.

नकाशे अर्थातच ठिपक्यांत आले नाहीत. ते मी पूर्वीसारखेच तिच्या पाठीवर बोटानं काढते. कोकण काढताना तिला गुदगुल्या होतात. आणि विज्ञानाच्या एका धड्यात एक अख्खं पान दोनदा आलंय, ते माझं टाइप करतानाचं. ती म्हणते, "महत्त्वाचं असंल म्हणून दोनदा दिलंय." राहू दे म्हणाली.

दोन-तीन दिवसांवर बकरी ईद आहे. तुला आणि तुझ्या घरी मुबारक. तिचं नाव मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तू लिहिलं नाहीस. पुढच्या वेळी लिही.

सकिना


भोर, १० फेब्रुवारी २००७

इरशाद,

तिचं नाव कळलं. रेश्मा. छान आहे. अम्मीला सांगितलं, ती "बरं" म्हणाली.

तू विचारलंस, तो टेम्पोवाला अजून बॅटरी परत न्यायला येतो का. तुला काय करायचंय? नेली त्यानं. पण येतो. मागच्या आठवड्यात त्याच्या घरची माणसं आली होती, आणि अब्बांनी त्यांना बसायला नवीकोरी गादी काढून दिली, यावरून काय समजायचं ते समज.

तर आता मंगनीबद्दल एक ओळ लिहिते, पहिली आणि शेवटची. तू तेव्हा येऊन तोंडावर सांगितलंस की तुझं मन दुसरीकडं आहे, त्याचा मला फार राग आला होता. लग्नाच्या जेवणाच्या देगचं बोलणं झालं होतं, माझे कपडे शिवायला टाकले होते, गल्लीत मान वर करून चालवेना. पण तू तेव्हा भिडेखातर गप बसून लग्न केलं असतंस, तर आज मी बंगळूरला एका गप्प माणसाच्या घरात असते आणि इथं गुलफशाला वाचून दाखवायलाही कुणी नसतं. तू खरं बोललास, त्याचे आभार. सीडीचे आभार. तीन पानांचे आभार, पहिलं पानही नंतर वाचलं. एवढे आभार मी आजवर कुणाचे मानले नसतील, तेव्हा जपून ठेव.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

लोडशेडिंग वाढलंय. ऐन परीक्षेच्या तोंडावर संध्याकाळभर गल्लीत लाईट नसते. ह्या गल्लीत यंदा दहावीची पाच-सहा पोरं आहेत. कुणाकडं कंदील, कुणाकडं मेणबत्ती, बाकीचे ओट्यावर बसून मास्तरांच्या नकला करतात. काल संध्याकाळी दुकानातून घरी आले. रोजच्यासारखं हातपाय धुतले, घोटभर कोमट पाणी प्यायले, घशाला बरं पडतं म्हणून, आणि गुलफशापुढं बसायला म्हणून इतिहासाचं पुस्तक आणि कंदील घेतला. बाहेर अंगणातून तिचा आवाज येत होता.

ती उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर इतिहासाचा खंड. समोर गल्लीतली सगळी पोरं अंधारात मांडी घालून बसली होती, आपापली पुस्तकं मिटून. आणि ही मोठ्यानं वाचत होती. कुणाला लाईट नव्हती आणि हिला ती लागत नव्हती. एक पोरगा म्हणाला, "जरा हळू वाच की, गुलफशा." ती म्हणाली, "लक्ष दे मग," आणि हळू वाचायला लागली. घसा कसा ठणठणीत.

मी कंदील घेऊन जवळ गेले. तिला माझी पावलं कळतात. बोट ओळीवरच ठेवून ती म्हणाली, "आपा, तू कशाला आलीस? तू जा, बस जरा. आज मी वाचते."

इतक्या वर्षांत संध्याकाळच्या त्या वेळेला मला कुणी जा म्हणालं नव्हतं. मी उभीच राहिले. पुस्तक कुठं ठेवावं कळेना, हात कुठं ठेवावेत कळेना. वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. आणि छाती अशी भरून आली की वाईट वाटायला फारशी जागाच राहिली नाही. कंदील फुंकून टाकला. तिथं त्याचं कुणालाच काम नव्हतं.

अम्मी बाजूच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिनं सरकून मला जागा दिली. आम्ही दोघी अंधारात बसलो, गुलफशा धडा संपवून दुसऱ्यावर गेली तरी उठलो नाही. मग अम्मी हळूच म्हणाली, "इरशादला लिही."

म्हटलं, काय लिहू?

"लिही, परीक्षा झाली की ये म्हणावं. तुज्या अब्बालाबी संगं आण म्हणावं. आन् बायकोला घिऊन ये. एकटा आला तर दार न्हाई उघडणार म्या." एवढं बोलून तिनं पदर नीट केला आणि पुन्हा गुलफशाकडं कान लावला.

सकिना